आपलेच पैसे मागताना

मी कोरुगेटेड खोकी बनवणारा एक छोटा कारखाना चालवते. २०२३ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एका कंपनीला पुरवलेल्या मालाचे ४,१२,००० रुपये माझ्याकडे यायचे होते, आणि व्याजासह शेवटचा रुपया हाती पडायला एप्रिल २०२५ उजाडला. थकलेले बिल वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग सांगणारी माहिती बरीच उपलब्ध आहे, परंतु त्या दीड वर्षात उद्योजकाच्या मनाचे काय होते आणि ते सावरायला नेमक्या कोणत्या गोष्टी उपयोगी पडतात, हे मला कुठे एकत्र वाचायला मिळाले नाही. त्यामुळे कागदपत्रे आणि मन या दोन्हींविषयी, घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

आमच्या धंद्याची रचनाच अशी आहे की पैसा आधी बाहेर जातो. क्राफ्ट कागदाचे रोल घेताना गिरणीला आगाऊ किंवा फार तर पंधरा-वीस दिवसांत रक्कम द्यावी लागते, मजुरी आठवड्याला द्यावी लागते, आणि जीएसटी तर बिल काढले त्या महिन्याच्या विवरणपत्रात, म्हणजे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत, भरावा लागतो. ग्राहकाने पैसे दिले की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. या बिलांवरचा कर मी वेळेवर भरला होता. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर माझ्या खिशातून गेला होता. त्यातच, आमच्या बँकेच्या अटींनुसार नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी कॅश क्रेडिटच्या, म्हणजे गरजेप्रमाणे उचलायच्या खेळत्या कर्जाच्या, उचलमर्यादेत धरली जात नाहीत. त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये ही बिले जुनी झाली आणि माझी उचलमर्यादाही घटली. एकाच थकबाकीचा फटका असा तीन बाजूंनी बसतो, हे धंद्याबाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत मी दर काही दिवसांनी त्या कंपनीच्या हिशेब विभागात फोन करत असे. “ताई, साहेबांची सही बाकी आहे,” “ताई, पुढच्या आठवड्यात नक्की बघतो,” अशी उत्तरे अतिशय नम्रपणे मिळत. फोन करण्यापूर्वी माझ्या पोटात गोळा येई आणि फोन ठेवल्यावर आपण काहीतरी अनुचित मागितले अशी भावना उरे. आमच्या घरात पैशांचा विषय चारचौघांत काढणे असभ्य मानले जाई, आणि ती शिकवण कारखान्यातही माझ्याबरोबर आली होती. रात्री अडीच-तीनला जाग येई आणि मनातल्या मनात बेरजा-वजाबाक्या सुरू होत. मोबाइलवरचे बँकेचे अ‍ॅप उघडायची भीती वाटू लागली होती. बाजार पडला की गुंतवणूकदार आपले खाते उघडून पाहण्याचे टाळतात, असे कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये दाखवले होते. ते मी नंतर वाचले तेव्हा ही केवळ माझ्या स्वभावाची गोष्ट नाही, एवढा दिलासा मिळाला.

याच काळात व्यापारी-उद्योजकांच्या वर्तुळात आयकर कायद्याच्या कलम ४३ब(ह) ची मोठी चर्चा चालू होती. आमच्या सीएंनी ते मला शांतपणे समजावून सांगितले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कायद्याने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, आणि ते त्या आर्थिक वर्षात दिलेच नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच तो वजा होतो. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली ही तरतूद २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, म्हणजे २०२३-२४ च्या व्यवहारांपासून लागू झाली. ती मुदत कोणती, हे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १५ मध्ये दिले आहे: लेखी करार असेल तर त्यातील मुदत, परंतु कोणत्याही परिस्थितीत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. माझ्या खरेदी-आदेशावर ६० दिवस छापलेले होते. कायद्यापुढे ते ६० दिवस टिकत नव्हते.

सीएंच्या टेबलासमोर बसून हे ऐकताना मला जे वाटले ते नीट सांगायला हवे, कारण माझ्या दृष्टीने सगळा बदल तिथून सुरू झाला. तोपर्यंत माझ्या मनात ही रक्कम म्हणजे त्या कंपनीच्या मर्जीचा विषय होता आणि माझी भूमिका विनंती करणाऱ्या माणसाची होती. त्या रकमेला एक तारीख आहे, ती तारीख उलटून गेली आहे, आणि उलटल्यानंतरच्या प्रत्येक महिन्याला कायद्यानेच व्याज लागू होते, हे कळल्यावर फोन करताना माझा आवाज बदलला. कलम १६ नुसार हे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट असते आणि ते दरमहा चक्रवाढ होते. त्या वेळी बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर २०.२५ टक्के.

३१ मार्च २०२४ च्या आधी त्या कंपनीने १,००,००० रुपये जमा केले. उरले ३,१२,०००.

मार्चपासून मी सीएंच्या सल्ल्याने एक शिस्त लावून घेतली. दर सोमवारी सकाळी, फोन बाजूला ठेवून, अर्धा तास येण्या-देण्याची वही उघडायची. प्रत्येक बिलासमोर देय तारीख, रक्कम आणि आपण पुढे काय करणार एवढेच लिहायचे. त्याशेजारी मी स्वतःहून एक रकाना वाढवला आणि त्यात ते बिल पाहताना मनात काय येते ते दोन-चार शब्दांत लिहू लागले: “राग”, “लाज वाटते”, “काही नाही”. पहिले काही सोमवार फार जड गेले. पण आठवडाभर मनात घोळणारा आकडा आणि वहीतला आकडा यांत मोठा फरक असतो, हे हळूहळू दिसू लागले. वहीतला आकडा जवळजवळ नेहमीच लहान निघे. पैशांची काळजी दिवसभर करत राहण्याऐवजी तिला ठरलेली वेळ दिली, तर उरलेल्या वेळात भाव काढणे, यंत्राची देखभाल, कामगारांशी बोलणे यांकडे लक्ष देता येते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता. तेच शेतकरी कापणीनंतर, हातात पैसे आल्यावर, विचारशक्तीच्या चाचण्यांत जसे उत्तर देत, त्याहून कापणीपूर्वीच्या ओढाताणीच्या दिवसांत त्यांची कामगिरी कमी पडत असे. बिलाची वाट पाहणारा लघुउद्योजक वर्षातले कित्येक महिने त्याच कापणीपूर्वीच्या दिवसांत जगतो, असे मला वाटते, आणि म्हणून त्या काळात मोठे निर्णय एकट्याने, रात्री, घाईत घेऊ नयेत.

याच सुमारास आणखी दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली म्हणजे जीएसटीसाठी वेगळे खाते. कोणत्याही बिलाचे पैसे आले की त्यातली कराची रक्कम त्याच दिवशी तिकडे वळवायची, म्हणजे चालू खात्यातली शिल्लक पाहून खोटा धीर किंवा खोटी भीती वाटत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक अवघड गेली. दर महिन्याच्या ५ तारखेला स्वतःच्या बचत खात्यात एक ठरलेली रक्कम, कितीही लहान असली तरी, काढायची. कामगारांची मजुरी, कागदाचे देणे, विजेचे बिल या सगळ्यांच्या रांगेत मालकाचा क्रमांक शेवटचा, आणि बहुतेक महिन्यांत तो येतच नाही, असे लहान कारखान्यांत सर्रास चालते. त्यातून धंद्याबद्दल मनात एक मूक कडवटपणा साचतो. मी १०,००० रुपयांनी सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी होती, पण ५ तारखेला ती जमा झाल्याचा संदेश आला की बरे वाटे.

एप्रिल २०२४ मध्ये, वर्षअखेरच्या हिशेबाच्या निमित्ताने, मी त्या कंपनीकडे खाते-शिल्लक पडताळणीचे पत्र पाठवले. वर्षअखेरीला अशी पत्रे सगळेच पाठवतात, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्यांच्या हिशेब विभागाने ३,१२,००० रुपये देणे असल्याचे ई-मेलने कळवले. पुढच्या सगळ्या प्रवासात हा एक ई-मेल मला सर्वांत जास्त उपयोगी पडला. तुमचे संबंध अजून गोड असतील तेव्हाच ही पडताळणी लेखी घेऊन ठेवा.

मे महिन्यात रीतसर मागणीपत्र पाठवले. त्याचा पहिला मसुदा मी रागात लिहिला होता. सीएंनी तो वाचून “हे पत्र उद्या तिसरा माणूस वाचणार आहे असे समजून लिहा,” एवढेच सांगितले. अंतिम पत्रात बिलांचे क्रमांक, तारखा, चलनांचे (मालासोबत जाणाऱ्या पोच-कागदांचे) क्रमांक, मिळालेली रक्कम, बाकी मुद्दल, कलम १६ चे व्याज आणि १५ दिवसांची मुदत एवढेच होते. रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह आणि ई-मेलने असे दोन्हीकडून ते पाठवले. उत्तरात प्रथमच खोक्यांच्या दर्जाविषयी तक्रार आली. माल पोचून सात-आठ महिने झाले होते. ते पत्र वाचून मला आमच्या कामगारांच्या कष्टांचा अपमान झाल्यासारखे वाटले आणि दोन दिवस कशातच लक्ष लागले नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर तो स्वीकारला असे धरले जाते. आमच्या प्रत्येक चलनावर त्यांच्या गोदामाचा शिक्का, सही आणि तारीख होती. चालकाला चलनावर शिक्का घेतल्याशिवाय गाडी हलवू नका असे बजावून ठेवले, तर पुढे असा मनस्ताप पुष्कळ कमी होतो.

जून २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘एमएसएमई समाधान’ या, लघुउद्योगांच्या थकलेल्या रकमांच्या तक्रारींसाठीच्या पोर्टलवर अर्ज केला. हे पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले होते. अर्जासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक आणि त्याच्याशी जोडलेला मोबाइल लागला. खरेदीदाराचे नाव, पत्ता, ई-मेल, पॅन, जीएसटी क्रमांक, बिलनिहाय तपशील भरावा लागला, आणि खरेदी-आदेश व बिलांच्या पीडीएफ जोडाव्या लागल्या. माझी उद्यम नोंदणी २०२० सालची होती, म्हणजे पुरवठ्याच्या बरीच आधीची. हा मुद्दा कळीचा आहे, कारण माल पुरवून झाल्यावर केलेल्या नोंदणीवर खरेदीदार हमखास आक्षेप घेतो. नोंदणी पूर्णपणे मोफत आहे; तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांच्या आणि सरकारीसारख्या दिसणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, परंतु ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. विलंबित रकमेच्या या तरतुदींचा लाभ उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे.

अर्ज भरून शेवटचे बटण दाबण्यापूर्वी मी बराच वेळ थांबले होते. हा ग्राहक कायमचा जाईल, त्याच्या ओळखीचे इतर ग्राहक आपल्याला भांडखोर समजतील, ही भीती अगदी खरी होती आणि ती निराधारही नव्हती. मी वहीत त्या कंपनीकडून वर्षभरात मिळालेले काम, त्यातला नफा आणि थकलेल्या रकमेवर बँकेला भरलेले व्याज शेजारी शेजारी लिहिले. आकडे पाहिल्यावर तो ग्राहक टिकवण्याची किंमत मला परवडत नव्हती, हे स्पष्ट झाले आणि मी अर्ज पाठवला.

अर्ज गेल्यावर खरेदीदाराला सूचना जाते आणि त्याला १५ दिवस मिळतात. त्यांच्याकडून काहीच आले नाही. मग अर्ज आमच्या विभागाच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, छाननीला गेला. काही त्रुटी कळवल्या गेल्या: व्याजाचा तक्ता बिलनिहाय हवा होता, एका बिलाची प्रत अस्पष्ट होती, प्रतिज्ञापत्र जोडायचे होते. त्या दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये कागदांचे संच दिले आणि त्यांची पोच घेतली. खर्चाचे सांगायचे तर सीएंनी व्याजतक्ता आणि अर्जाच्या मदतीचे ६,००० रुपये घेतले. नोटरी, छायाप्रती, टपाल आणि प्रवास मिळून आणखी दोन-अडीच हजार झाले. वकील लावणे बंधनकारक नव्हते. मी स्वतः बाजू मांडली.

कायद्याने परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. प्रत्यक्षात प्रकरणे खूप असतात आणि वेळ अधिक लागतो, हे आधीच गृहीत धरले तर त्रास कमी होतो. सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ मला सगळ्यांत कठीण गेला, कारण करण्यासारखे काहीच उरले नव्हते. ऑक्टोबरमधल्या एका रात्री छातीत धडधड थांबेना तेव्हा मी १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची ही मोफत समुपदेशन सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी माझे ऐकून घेतले, झोपेविषयी विचारले आणि घरात हे कोणाला सांगितले आहे का, असे विचारले. मी नवऱ्यालाही पूर्ण आकडा सांगितलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी वही त्याच्यासमोर ठेवली. तो काही वेळ पाने चाळत राहिला आणि मग “सोमवारी मीही बसत जाईन तुझ्याबरोबर,” म्हणाला. तेव्हापासून आम्ही दोघे बसतो.

डिसेंबर २०२४ मधल्या पहिल्या तारखेला समोरचे कोणी आले नाही आणि पुढची तारीख मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे प्रतिनिधी आले. सुरुवातीचा टप्पा समेटाचा असतो. तो फसला तर परिषद लवादाकडे वळते, आणि लवादाच्या निवाड्याला खरेदीदाराला आव्हान द्यायचे असेल तर कलम १९ नुसार निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही तरतूद दोन्ही बाजूंना माहीत असते, त्यामुळे समेटाच्या टेबलावर बोलणे गंभीरपणे होते. दर्जाचा मुद्दा निघाला. मी शिक्का मारलेली चलने आणि एप्रिलचा ई-मेल पुढे ठेवला. त्यानंतर तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

व्याज तोवर ९०,००० रुपयांच्या वर गेले होते. त्यांनी मुद्दल देतो, व्याज सोडा, असे सुचवले. इथे मला माझ्या सोमवारच्या वहीचा खरा उपयोग झाला, कारण किती व्याज सोडले तर आपल्याला पुढे सल राहणार नाही, हे मी आणि नवऱ्याने आधीच ठरवून आकडा लिहून नेला होता. बँकेला मी प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाच्या खाली यायचे नाही, असे आमचे ठरले होते. व्याजाच्या ५०,००० रुपयांवर समेट झाला: मुद्दल ३१ मार्चपूर्वी आणि व्याज एप्रिलअखेरपर्यंत. अटी लेखी झाल्या, सह्या झाल्या, आणि हप्ता चुकला तर प्रकरण पुन्हा पुढे चालेल असे वाक्य मी आग्रहाने त्यात घालून घेतले. दोन्ही रकमा ठरल्याप्रमाणे आल्या. मुद्दल आली त्या दिवशी फार आनंद होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात थकवा जाणवला, आणि त्या रात्री शांत झोप लागली.

आता आमच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची मुदत छापलेली असते. देय तारखेच्या आठ दिवस आधी आम्ही एक साधा फोन करतो: बिल मिळाले ना, काही त्रुटी नाही ना. तारीख उलटल्यावर करायच्या फोनपेक्षा हा फोन मला कितीतरी सोपा जातो. ग्राहक कंपनी असेल तर ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या रकमांचे सहामाही विवरण तिला एमएसएमई-१ या नमुन्यात कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावे लागते, हे माहीत असल्याने त्या तारखांच्या आधी मी थकबाकीचा तक्ता पाठवते. २५० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’ या बिल-वटाव व्यवस्थेवर (जिथे बिलाचे पैसे थोडी रक्कम कापून मुदतीआधीच मिळतात) नोंदणी आता बंधनकारक आहे. अशा एका ग्राहकाची बिले आम्ही तिथे टाकायला सुरुवात केली आहे. स्वतःसाठीची ५ तारखेची रक्कम यंदा १८,००० केली.

समेट झालेल्या त्या कंपनीच्या खरेदी विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या मापाच्या खोक्यांचा भाव विचारला. मी भाव कळवला आणि त्याखाली अट लिहिली: निम्मी रक्कम आदेशासोबत, उरलेली माल उतरवण्यापूर्वी. फोन करणाऱ्या मुलाने विचारले, “ताई, पूर्वीसारखी उधारी नाही का चालणार?” मी नाही म्हणाले आणि अटीचे पत्र लगेच ई-मेलने पाठवून दिले. त्यांचा आदेश अद्याप आलेला नाही, आणि त्या मापासाठी राखून ठेवलेले यंत्र मी दुसऱ्या ग्राहकाच्या कामाला लावले आहे.